हार्ड डिस्कवर बॅकअप होत नाही? आधी तो कुठे अडकतो ते बघा

मोबाइलची मेमरी भरत आली, की कपाटातली हार्ड डिस्क बाहेर निघते. केबल लागते, कॉपी सुरू होते आणि मध्येच ‘कॉपी करता आलं नाही’ एवढीच ओळ दाखवून सगळं ठप्प होतं. का झालं नाही, हे ती ओळ सांगत नाही. मग केबल काढून परत लावायची, फोन बंद करून चालू करायचा, आणि तरीही जमलं नाही की घरातलं कोणीतरी सुचवतं, ‘डिस्कला फॉरमॅट मार.’ पहिल्या दोन उपायांनी काही बिघडत नाही. तिसऱ्याने डिस्कवर आधीपासून असलेलं सगळं जातं, आणि दोष केबलचा असेल तर फॉरमॅट मारूनही तो जिथल्या तिथे राहतो.

म्हणून हात लावण्याआधी एक गोष्ट टिपून ठेवा: बॅकअप कुठे थांबला? डिस्क फोनला दिसलीच नाही, की दिसली पण तिच्यावर काही लिहिता येईना? कॉपी सुरू होत असेल तर ती दोन-तीनदा करून बघा. दर वेळी त्याच फाइलपाशी थांबते, की कधी दहा टक्क्यांवर आणि कधी सत्तरवर? सगळ्यात उपयोगी उत्तर या शेवटच्या प्रश्नाचं. कॉपी त्याच जागी थांबत असेल, तर दोष बहुधा त्या फाइलमध्ये किंवा डिस्कच्या फॉरमॅटमध्ये असतो. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल, तर वीज, केबल, तापलेला फोन किंवा मध्येच झोपी जाणारं ॲप यांच्याकडे बघायचं.

डिस्क दिसतच नाही

पहिला संशय केबलवर घ्या. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. स्वस्त केबलमध्ये, किंवा पॉवर बँक आणि ब्लूटूथ हेडफोनसोबत येणाऱ्या केबलमध्ये, पुष्कळदा डेटाच्या तारा नसतातच. अशा केबलने फोन झकास चार्ज होतो, त्यामुळे ती चांगली आहे असंच वाटतं. तीच केबल लावून फोन संगणकाला जोडा. संगणकाला फोनचा पत्ताच लागत नसेल, तर दुसरी केबल घेऊन बघा.

अँड्रॉइड फोन संगणकाला जोडला की तो सुरुवातीला फक्त चार्जिंग करतो. फोनचं लॉक उघडायचं, वरून सूचनांचा पडदा खाली ओढायचा आणि यूएसबीच्या सूचनेत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं. लॉक उघडलं नाही तर संगणकावर फोनचं नाव दिसतं, पण आत फोल्डर रिकामा असतो. ‘माझे सगळे फोटो गेले’ अशी घबराट यातूनच होते.

डिस्क थेट फोनलाच जोडायची असेल तर फोनला ओटीजीची, म्हणजे डिस्क किंवा पेन ड्राइव्ह थेट लावू देणारी, सोय हवी. आजच्या बहुतेक फोनांना ती असते, पण ओप्पो, रियलमी, वनप्लस अशा कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते आणि दहा मिनिटं काही जोडलं नाही तर आपोआप बंद होते. काल चाललेली डिस्क आज चालत नाही, त्याचं कारण एवढंच असू शकतं. सेटिंगच्या शोधपट्टीत ‘ओटीजी’ टाइप करा. बटण असेल तर सापडेल.

आयफोनमध्ये वेगळाच पहारेकरी आहे. फोन तासाभरापेक्षा जास्त वेळ लॉक असेल तर तो नव्याने जोडलेल्या यूएसबी वस्तूला ओळख देत नाही. चोरीच्या फोनातला डेटा कोणी उपकरण लावून काढू नये, यासाठी २०१८ पासून ही सोय आहे. उपाय सोपा: आधी लॉक उघडा, मग डिस्क लावा.

आता वीज. हा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा, कारण बऱ्याच वेळा खरं दुखणं हेच असतं आणि दोष मात्र डिस्कच्या माथी मारला जातो. खिशात मावणाऱ्या, अडीच इंची हार्ड डिस्कमध्ये खरीखुरी तबकडी फिरते. तिला स्वतंत्र अडॅप्टर नसतो. ज्याला जोडाल त्याच्याकडूनच ती वीज ओढते, आणि तबकडी फिरायला लागताना सगळ्यात जास्त ओढते. संगणकाचं यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० पोर्ट ९००. फोन कधी एवढं देतो, कधी त्याहून कमी. आयफोन १५ पासून पुढचे टाइप-सी आयफोन बाहेरच्या वस्तूला साडेचार वॉटपर्यंत देऊ शकतात, म्हणजे साधारण त्या ९०० मिलिअँपिअरएवढंच. काही डिस्क त्यात भागवतात, काहींना ते पुरत नाही.

वीज कमी पडते आहे हे कसं ओळखायचं? डिस्कचा दिवा लागतो आणि विझतो. आतून टक-टक असा आवाज येतो, तबकडी फिरू बघते आणि थांबते. फोनवर डिस्क दिसते, नाहीशी होते, परत दिसते. अशा वेळी स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावा. किंवा फिरणारी तबकडी नसलेली वस्तू वापरा, म्हणजे पेन ड्राइव्ह किंवा एसएसडी. गंमत अशी, की डेस्कटॉपशेजारी ठेवायची जुनी, जाड, साडेतीन इंची डिस्क फोनला जास्त सहज चालते, कारण तिला भिंतीतल्या प्लगची वीज मिळते. फक्त तिचा फॉरमॅट फोनला कळणारा हवा. जुन्या लाइटनिंग पोर्टवाल्या आयफोनला हार्ड डिस्क जोडायची, तर ॲपलचा चार्जिंगचं जादा भोक असलेला कॅमेरा अडॅप्टर घ्यावा आणि त्या भोकात चार्जर लावावा. नुसत्या साध्या कन्व्हर्टरवर फार तर पेन ड्राइव्ह चालेल.

पण तीच टक-टक डिस्क संगणकाला जोडल्यावरही येत असेल, तर विषय गंभीर आहे. ती डिस्क आतून मरायला लागली असण्याची शक्यता मोठी. तिच्यावर नवा बॅकअप घेणं बंद करा. आतला डेटा महत्त्वाचा असेल तर तिला पुन्हा-पुन्हा चालू करून बघू नका. दर प्रयत्नाला नुकसान वाढू शकतं.

दिसते, पण लिहू देत नाही

इथे फॉरमॅट म्हणजे काय ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. डिस्क ही जमीन धरा, आणि फॉरमॅट म्हणजे तलाठ्याचं दप्तर. कोणता तुकडा कोणाच्या नावावर, कुठे संपतो, कुठला मोकळा आहे, हे सगळं दप्तरात. दप्तराचे नमुने वेगवेगळे आहेत आणि प्रत्येक उपकरणाला सगळेच नमुने वाचता येतात असं नाही. काही उपकरणांना वाचता येतं, पण त्यात नवी नोंद करता येत नाही. ‘फॉरमॅट मारणं’ म्हणजे जुनं दप्तर फेकून कोरं उघडणं. जमीन तिथेच असते, म्हणून चुकून फॉरमॅट मारलेल्या हार्ड डिस्कमधला डेटा कधीकधी परत मिळतो. पण त्यावर नवं काही लिहिलं, की ती आशाही कमी होत जाते.

व्यवहारात चारच नमुने लक्षात ठेवले तरी पुरे. एनटीएफएस हा विंडोजचा. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच हार्ड डिस्क यातच येतात. विंडोजला तो उत्तम चालतो. मॅक आणि आयफोन त्यातल्या फाइल वाचतात, पण त्यावर लिहीत नाहीत. बरेच अँड्रॉइड फोन तो ओळखतच नाहीत. एपीएफएस हा ॲपलचा. विंडोज आणि अँड्रॉइडला तो परका. फॅट३२ हा जुना आणि सगळ्यांना कळणारा, पण त्याची एक अट आहे, ती पुढे येईल. आणि एक्सफॅट: मायक्रोसॉफ्टने तो २००६ मध्ये आणला आणि २०१९ मध्ये त्याचा तपशील सगळ्यांसाठी खुला केला. विंडोज, मॅक, आयफोन आणि अलीकडचे बहुतेक अँड्रॉइड फोन यांच्यात फिरवायच्या डिस्कसाठी हाच घ्यावा. काही जुन्या किंवा अगदी स्वस्त फोनांना तो चालत नाही. त्यांच्यासाठी फॅट३२ किंवा संगणकाचा मार्ग उरतो.

आयफोनची आणखी एक अट: डिस्कवर डेटाचा एकच भाग असावा. एका डिस्कचे दोन-तीन ड्राइव्ह पाडून ठेवले असतील, तर ती आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये धड उघडेल याची खात्री नाही. विंडोजच्या बिटलॉकरने कुलूप लावलेली डिस्कही फोनवर उघडत नाही.

अँड्रॉइडवर एका सूचनेपासून जपून राहा. न कळणारा फॉरमॅट असलेली डिस्क लावली, की फोन म्हणतो, ‘यूएसबी ड्राइव्हमध्ये अडचण आहे, सेट अप करण्यासाठी टॅप करा.’ वाचायला निरुपद्रवी वाटतं. तिथे सेट अप म्हणजे फॉरमॅटच असतं. डिस्क रिकामी नसेल तर त्या सूचनेला हातही लावू नका. डिस्क संगणकाला लावा, आतलं सगळं दुसरीकडे उतरवा, आणि मगच विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून किंवा मॅकच्या डिस्क युटिलिटीतून एक्सफॅट करून घ्या.

एक्सफॅटची एक कमजोरीही माहीत असावी. एनटीएफएस किंवा एपीएफएसमध्ये दप्तरात फेरफार करताना काम अर्धवट राहिलं तर ते सावरून घेण्याची तजवीज असते. एक्सफॅटमध्ये तशी नाही. कॉपी चालू असताना केबल ओढली, तर चालू फाइल जाईलच, शिवाय सगळी यादी विस्कटू शकते. अशी डिस्क नंतर ‘फक्त वाचता येईल’ अशा अवस्थेत अडकते. विंडोजला लावून ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या टूल्समध्ये जाऊन ‘चेक’ केलं की बऱ्याचदा ठीक होते. अँड्रॉइडवर काम झालं की ‘इजेक्ट’ दाबायची सवय लावा. आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये असं बटण नाही. तिथे कॉपीचं वर्तुळ पूर्ण झाल्यावर थोडं थांबून मग केबल काढायची.

त्याच फाइलपाशी थांबतं

फॅट३२ ची अट हीच: एक फाइल ४ जीबीच्या आत हवी. डिस्कवर ८०० जीबी मोकळे असले तरी ४ जीबीची एक फाइल तिथे मावणार नाही, आणि काही फोन अशा वेळी चक्क ‘जागा अपुरी’ असा संदेश देतात. ही मर्यादा पूर्वी कोणाला जाणवत नव्हती, कारण एवढी मोठी फाइल घरात तयारच होत नव्हती. आता होते. सेकंदाला ५० मेगाबिट वेगाने ४के व्हिडिओ घेणारा फोन मिनिटाला ३७५ एमबी भरतो. म्हणजे साडेअकरा मिनिटांत ४ जीबी पार. मंगलाष्टकं सुरू झाल्यापासून सप्तपदी होईपर्यंत मामांनी हात न हलवता सलग चित्रण केलं असेल, तर ती फाइल फॅट३२ वर जाणार नाही. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘रेकॉर्ड व्हिडिओ’ उघडलं, की प्रत्येक दर्जाला मिनिटाला किती जागा लागते ते लिहिलेलं असतं. काही अँड्रॉइड फोन ४ जीबीला आपणहून नवी फाइल सुरू करतात, त्यांना हा प्रश्न येत नाही. उपाय एक्सफॅट, किंवा व्हिडिओचे दोन तुकडे.

दुसरं कारण नावाचं. कोलन, प्रश्नचिन्ह, तारांकित चिन्ह, उभी रेघ, दुहेरी अवतरणचिन्ह ही चिन्हं एक्सफॅट आणि फॅट३२ ला, आणि विंडोजवर एनटीएफएसलाही, फाइलच्या नावात चालत नाहीत. फोनच्या आत मात्र चालू शकतात. एखादं रेकॉर्डिंगचं ॲप फाइलच्या नावात १०:३० अशी वेळ घालतं, आणि त्या कोलनपाशी गाडी अडते. नाव बदललं की पुढे जाते. मराठी नावांना अडचण नाही, ती सगळीकडे चालतात. विंडोजवर मात्र फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत फोल्डर असं करत पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला तर कॉपी नाकारली जाऊ शकते. तेव्हा ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर छोट्या नावाचा फोल्डर करून त्यात टाकायचं.

तिसरं कारण फक्त आयफोन आणि विंडोजच्या जोडीचं, आणि ते भलतंच दिशाभूल करणारं आहे. थोडे फोटो येतात आणि मग विंडोज म्हणतं, ‘सिस्टिमला जोडलेलं उपकरण काम करत नाही.’ उपकरण ठणठणीत असतं. २०१७ पासून आयफोन फोटो एचईआयसी या प्रकारात साठवतो आणि संगणकाला देताना, सोय म्हणून, जाता जाता त्यांचं जेपीजी करतो. हे रूपांतर अडखळलं की वरचा संदेश येतो. सेटिंगमध्ये फोटोजच्या पानावर अगदी तळाशी ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ आहे. तिथे ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘कीप ओरिजिनल्स’ करा. मूळ फाइल जशाच्या तशा येतील. एचईआयसी उघडायला विंडोजमध्ये एखादी छोटी जोड घ्यावी लागेल, पण बॅकअपसाठी मूळ फाइलच बरी.

चौथं: फोटो फोनमध्ये नाहीच. आयक्लाउड फोटोजमध्ये ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू असेल तर फोनमध्ये लहान प्रत असते आणि मूळ फाइल ॲपलच्या सर्व्हरवर. बघताना फरक कळत नाही. केबलने कॉपी करायला गेलं की बरेच फोटो दिसतच नाहीत. आधी मूळ फाइल उतरवाव्या लागतात, आणि त्यासाठी फोनमध्ये जागा लागते, जी नाही म्हणूनच हा सगळा खटाटोप चाललेला असतो. अशा वेळी संगणकावर आयक्लाउडमधून फोटो उतरवून ते डिस्कवर टाकणं हाच सरळ रस्ता.

अडणारी फाइल कोणती हे कळत नसेल तर अर्धे-अर्धे करत जा. चार हजार फोटोंपैकी पहिले दोन हजार कॉपी करा. गेले? मग दोष उरलेल्या दोन हजारांत. त्यांचे पुन्हा दोन भाग. असं बारा वेळा केलं की नेमकी फाइल हातात येते. प्रत्यक्षात चार-पाच फेऱ्यांत गोळा झालेला छोटा ढीग बघूनच ती ओळखू येते.

दर वेळी वेगळीकडे थांबतं

अँड्रॉइड फोन आणि विंडोज संगणक यांच्यात कॉपी करताना फोन पेन ड्राइव्हसारखा ‘ड्राइव्ह’ म्हणून जोडला जात नाही. पूर्वी जायचा, पण तेव्हा फोन आपली मेमरी पूर्णपणे संगणकाच्या ताब्यात द्यायचा आणि तेवढा वेळ त्याला स्वतःला ती वापरता यायची नाही. आता एमटीपी नावाची पद्धत आहे, जी मुळात गाणी वाजवणाऱ्या खिशातल्या प्लेअरांसाठी निघाली होती. संगणक एकेक फाइल मागतो, फोन एकेक देतो. एका वेळी एकच काम. व्हॉट्सॲपच्या फोटोंच्या फोल्डरमध्ये वीस हजार फाइल असतील तर नुसती यादी यायलाच विंडोजमधली हिरवी पट्टी रडतरखडत चालते, आणि तेवढ्यात कोणी फोनवर गॅलरी उघडली किंवा विंडोजमध्ये दुसरी कॉपी सुरू केली, की सगळं गोठतं. एमटीपीवर माझा तरी भरवसा नाही. पाचशे-हजार फाइलांचे घास करून दिले तर ती काम करते. सगळा फोन एका दमात ओढायला जाऊ नये. शक्य असेल तर डिस्क थेट फोनला लावून, गूगलच्या ‘फाइल्स’सारख्या ॲपने कॉपी करणं बरं. मॅक तर अँड्रॉइड फोन स्वतःहून उघडतच नाही, तिथे वेगळं ॲप घ्यावं लागतं.

थेट कॉपीतही ॲप मध्येच मरू शकतं. स्क्रीन बंद झाली, ॲप मागे गेलं, आणि बॅटरी वाचवण्यासाठी फोनने ते बंद केलं. काही कंपन्यांचे फोन यात फार कडक असतात. कॉपी चालू असेतो स्क्रीन जागी ठेवा, बॅटरी सेव्हर बंद करा, आणि त्या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘निर्बंध नाहीत’ अशी मुभा द्या. फोन जाड कव्हरातून बाहेर काढा. तापल्यावर तो वेग कमी करतो.

आणि कधीकधी काहीच अडकलेलं नसतं, आपल्यालाच तसं वाटतं. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात ३०-४० एमबी मिळाले तरी खूप. म्हणजे १०० जीबीला पाऊण तास, तेही फाइल मोठ्या असतील तर. हजारो बारीक फाइल असतील तर त्याच्या कितीतरी पट. आणि टाइप-सी भोक आहे म्हणजे वेग जास्त, असंही नाही. आयफोन १५ आणि १५ प्लसचं पोर्ट २.० वेगाचंच आहे, १५ प्रोचं सेकंदाला १० गिगाबिटपर्यंतचं. पण डब्यातली केबल प्रोलाही २.० चीच. मध्यम किमतीच्या बहुतेक अँड्रॉइड फोनांचं पोर्टही २.० चंच. अशा फोनसाठी महागडी वेगवान एसएसडी घेण्यात पैसे घालवू नका. स्वस्त पेन ड्राइव्ह सुरुवातीला जोरात पळतो आणि थोड्या जीबींनंतर गोगलगाय होतो, कारण आतला वेगवान भाग भरून जातो. पट्टी हलत नसली तरी डिस्कवरच्या फाइलांची संख्या वाढते आहे ना, ते बघा.

अख्ख्या फोनचा बॅकअप

इथपर्यंत फोटो आणि फाइलांचं झालं. ‘फोन हरवला तर नव्या फोनवर सगळं जसंच्या तसं यायला हवं’ ही वेगळी मागणी आहे. त्या बाबतीत आयफोनला डिस्क जोडून काही उपयोग नाही, कारण आयफोन संपूर्ण बॅकअप थेट डिस्कवर घेतच नाही. तो संगणकामार्फत घ्यावा लागतो, आणि तिथेही तो संगणकाच्या मुख्य ड्राइव्हवर, मोबाइलसिंक नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो. सी ड्राइव्हवर ६० जीबी मोकळे आणि फोनमध्ये २०० जीबी भरलेले असतील तर ‘जागा नाही’ असं येणारच. शेजारी २ टीबीची डिस्क लावलेली असली तरी तिच्याकडे तो बघत नाही. जागा पुरत असेल तर सोपा मार्ग हा: संगणकावर बॅकअप पूर्ण होऊ द्या आणि तो फोल्डर जसाच्या तसा डिस्कवर कॉपी करून ठेवा. त्यातल्या फाइलांची नावं बदलू नका, आतून काही काढू नका. परत वापरताना मूळ जागी आणून ठेवायचा. जागाच नसेल तर त्या फोल्डरच्या ठिकाणी डिस्ककडे बोट दाखवणारी सिम्बॉलिक लिंक तयार करता येते. त्यासाठी कमांड टाइप कराव्या लागतात, त्यामुळे जाणकार सोबतीला असावा. तेव्हा डिस्क विंडोजसाठी एनटीएफएस आणि मॅकसाठी एपीएफएस ठेवणं चांगलं, कारण ती आता फोनला जोडायची नसते.

आयफोनचा बॅकअप एनक्रिप्ट करून, म्हणजे पासवर्डचं कुलूप लावून, घेतला तरच त्यात साठवलेले पासवर्ड आणि हेल्थचा डेटा येतो. त्यासाठी जो पासवर्ड ठेवाल तो विसरलात तर तो बॅकअप उघडणार नाही, ॲपलकडूनही नाही. ‘रीसेट ऑल सेटिंग्ज’ केलं की पुढचे बॅकअप नव्या पासवर्डने घेता येतात, जुना मात्र गेलाच. बॅकअप सुरू करताना फोन आता पासकोडही मागतो. फोन पलीकडच्या खोलीत चार्जिंगला असेल तर संगणक नुसता वाट बघत बसतो.

अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक वेगळं. सॅमसंगचं स्मार्ट स्विच थेट यूएसबी डिस्कवर किंवा मेमरी कार्डवर बॅकअप घेतं, पण तो परत टाकायला सॅमसंगचाच फोन लागतो. शाओमीचा स्थानिक बॅकअप आधी फोनच्याच मेमरीत तयार होतो, मग तो डिस्कवर हलवायचा. गूगलचा बॅकअप गूगलच्या खात्यातच जातो.

व्हॉट्सॲपचं स्वतंत्र बघावं लागतं. अँड्रॉइडवर ते रोज पहाटे दोनला फोनमध्येच चॅटची प्रत करतं आणि गेल्या सात दिवसांच्या प्रती ठेवतं. फोनच्या मेमरीत ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात व्हॉट्सॲपचा फोल्डर; तो पूर्ण उचलून डिस्कवर टाका. त्याआधी चॅट बॅकअपच्या पानावर जाऊन एकदा हाताने बॅकअप घ्या, म्हणजे आजचे संदेशही येतील. आयफोनवर असा फोल्डर मिळत नाही. आणि ‘अँड्रॉइड’च्या आतला ‘डेटा’ फोल्डर रिकामा दिसला तर तो बिघाड नव्हे. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून एका ॲपला दुसऱ्याच्या डेटात डोकावता येत नाही. बँकांची आणि यूपीआयची ॲप्स नव्या फोनवर नव्याने नोंदवावीच लागतात.

‘झाला’ म्हणतो, पण झालेला नसतो

काही बॅकअप कुठेच अडत नाहीत आणि तेच सगळ्यात धोक्याचे. ऑनलाइन बाजारात पाचशे-सातशे रुपयांत २ टीबीचा पेन ड्राइव्ह दिसला तर तो खोटा आहे असंच समजा. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि तिच्यातली आज्ञावली संगणकाला खोटा आकडा सांगते. खरी जागा संपल्यावरही कॉपी बिनबोभाट चालू राहते. नव्या फाइल जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा हवेत जातात. यादीत सगळी नावं दिसतात, उघडायला गेलं की राखाडी चौकट. नवा ड्राइव्ह रिकामा असतानाच विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा मॅक-लिनक्सवर एफथ्री या मोफत साधनाने तपासा. ही साधनं ड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतात. वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवा. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते तो मात्र खोटेपणा नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

खऱ्या डिस्कवरही कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलांची संख्या आणि एकूण बाइट्स जुळवा. सगळ्यात मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून बघा, आणि शेवटी कॉपी झालेले काही फोटो उघडा. तारखांकडेही नजर टाका. कॉपी करताना फाइलची तारीख पुष्कळदा आजची होते. कॅमेऱ्याच्या फोटोत खरी तारीख आत लिहिलेली असते, त्यामुळे तो नंतरही क्रमाने लावता येतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतली ती माहिती निघून गेलेली असते. अँड्रॉइडवर तिथे तारीख उरते ती फक्त फाइलच्या नावात. त्यामुळे व्हॉट्सॲपच्या फोटोंची नावं ‘सुबक’ करायच्या भानगडीत पडू नका.

फोनमधून पुसण्याआधी आयक्लाउड फोटोज किंवा गूगल फोटोज चालू आहे का ते बघा. चालू असेल तर आयफोनवर पुसलेला फोटो आयक्लाउडमधूनही जातो; गूगल फोटोज ॲपमधून पुसलेलाही तसाच दोन्हीकडून जातो. आयफोनच्या ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये तो तीस दिवस राहतो, गूगलच्या ट्रॅशमध्ये, आधी बॅकअप झालेला असेल तर, साठ. तोवर आयफोनमधली जागा मोकळी होत नाही, म्हणून लोक लगेच ट्रॅशही रिकामी करतात. ती घाई करायची नाही. डिस्क आधी दुसऱ्या एखाद्या संगणकाला लावून उघडून बघा, आणि मगच ट्रॅश रिकामी करा.